थोरलीचा सूर

मुकादमला खरं नाव होतं, पण ते आता फक्त पासपोर्टावर उरलं होतं. गाण्याच्या मंडळातली पोरं तिला मुकादम म्हणायची, घरातले मुकादम म्हणायचे, आणि कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा तिच्या भावाच्या डोक्यावरून कंगवा फिरवताना विचारायचा, "काय, मुकादम बरी आहे ना?" वय विसाच्या आसपास, अंगकाठी छत्रीच्या काडीसारखी, आणि आवाज असा की रस्त्याच्या या टोकाला "थांब" म्हटलं तर त्या टोकाची सायकल थांबावी.

तर त्या सकाळी विमानतळाच्या दारात मुकादमने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि ज्याच्या पिशवीची चेन उघडी दिसेल त्याची धडगत नाही असं जाहीर केलं.

"आत्या, तू पर्स गळ्यात अडकव. हातात नको."

"अगं, तुला कडेवर घेऊन आख्खा बाजार फिरलेय मी. मला पर्स सांभाळायला शिकवतेस?"

"तेव्हा मी हरवले होते, आत्या. बाजारातच."

"सापडलीस ना? मग!" असं म्हणून आत्याने पर्स गळ्यात अडकवली.

आत्या मंडळात गात नव्हती. ती शिंपीण. पोरांचे निळे सदरे तिने शिवले होते आणि अर्ध्यांची बटणं अजून तिच्याच डब्यात होती. ती या प्रवासात आली ती आयत्या वेळी, कारण बाई येऊ शकत नव्हत्या.

बाईंचं सांगायला हवं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पुस्तकात न बघता फळ्यावर जगाचा नकाशा काढायच्या, किनाऱ्याची एकही रेघ न पुसता. गाणं त्या कुणाकडे शिकल्या नव्हत्या. कान होता, हौस होती, आणि शाळा सुटल्यावर घरी जायची घाई नसलेली पोरं होती. त्यातून मंडळ उभं राहिलं. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. "गळ्याशिवाय काही नको," हा बाईंचा बाणा. खरं सांगायचं तर सुरुवातीला वाद्यं परवडत नव्हती, पण पुढे पुढे बाणा म्हणणंच बरं दिसायला लागलं.

परदेशातल्या एका तसल्याच मंडळाने त्यांचं गाणं कुठेतरी ऐकलं आणि बोलावणं धाडलं. तेव्हापासून जाणं नुसतं लांबत होतं. एकदा कागद अडले. एकदा तिकडच्या सभागृहाचं छत गळायला लागलं. एकदा सगळ्या मंडळाला एकाच वेळी गोवर झाला, आणि हा रोग एकमेकांच्या तोंडासमोर तोंड उघडून गाणाऱ्यांनाच होऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले. गल्लीत तर ती म्हणच झाली होती. कुणी साबण आणायला निघालं तरी लोक विचारायचे, "काय, परदेशी निघालात?" आणि आता कागद झाले, छत झालं, गोवर झाला, तर निघायच्या आठवड्यात बाई पडदे काढायला स्टुलावर चढल्या आणि पाय मोडून घेतला.

"पाय माझा मोडलाय, तुमचा नाही," बाई प्लॅस्टरवर हात आपटत म्हणाल्या. "जा सगळे. आणि पहिला सूर तू द्यायचास, मुकादम. तिकडचे लोक फार चांगले आहेत, मदतीला येतील. पण गाणं आपलं आहे. कुणाच्या हातात देऊ नकोस."

"नाही देणार," मुकादम म्हणाली. तिला त्यात अवघड काही वाटलं नाही. इतकी वर्षं बाईंच्या शेजारी उभी राहून तिने सगळं पाहिलं होतं. बाई टेबलावर तळहात पालथा ठेवायच्या, डोळे मिटायच्या, क्षणभर थांबायच्या आणि ओठ न उघडता पहिला सूर द्यायच्या. तो लागला की दुसरा हात वर, आणि सगळे सुरू. ह्यात काय आहे? हात तिलाही होता, टेबल तिकडेही असणार.

विमानतळावर रांग थांबली तशी नकल्याची जीभ वळवळायला लागली. नकल्या मागच्या ओळीत खालचा सूर धरायचा, पण त्याची खरी कीर्ती नकलांची. आधी त्याने विमानतळावरची बाई काढली, ती नाकातून घोषणा करणारी. मग सामानाचा सरकता पट्टा काढला. आणि मग लोक हसताहेत म्हटल्यावर त्याने थोरली काढली.

थोरली म्हणजे लाँड्रीतलं मशीन. मंडळाची तालमीची खोली लाँड्रीच्या वर होती. खाली इस्पितळाच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतल्या जायच्या, आणि त्या सुकवायचं खोलीएवढं मोठं गोल पिंप म्हणजे थोरली. तिच्या शेजारचं लहान मशीन ती धाकटी. वर खोलीत कायम साबणाचा वास, कायम ऊब, आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवला तर पाण्याला बारीक शहारा. नकल्या थोरलीला पहिल्यापासून शेवटपर्यंत काढायचा: आधी खटक्याचा 'खट्ट', मग ओल्या चादरी एका अंगाला कोसळतात तो 'ढब्ब', परत 'ढब्ब', मग चढत चढत जाणारी कण्हल्यासारखी घरघर, आणि मग ती स्थिरावली की एकसारखा, जाड, गोल 'घुम्म'. ढब्बच्या वेळी तो सगळं अंग एका बाजूला टाकायचा, गाल फुगवायचा, डोळे बाहेर काढायचा. विमानतळावर ढब्ब ऐकून तपासणीवाला गणवेशातला माणूस दचकला आणि आपलं यंत्र वाकून बघायला लागला.

पोरं हसून लोळली. मुकादम नाही हसली.

"बस झालं. तिकडे पाय ठेवल्यापासून थोरली बंद."

"का बुवा?"

"का म्हणजे? लोक म्हणतील, ह्यांना गाणं शिकवलंय का चादरी पिळायला? इतक्या वर्षांनी निघालोय, जरा माणसांसारखे दिसू या. शपथ घे."

"कुणाची?"

"माझी."

"तुझी खोटी घेतली तरी तुला काही होणार नाही, मुकादम. तुला न्यायला यायची कुणाची छाती आहे?"

"नकल्या!"

"घेतली, घेतली. तू म्हणेस्तोवर थोरली बंद." त्याने सामानाच्या गाडीवर हात ठेवून शपथ घेतली. आत्या मधेच म्हणाली, "मला आवडते हो ती," पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

विमानात, ढगांच्या वर गेल्यावर, चिमणीने खिडकीला नाक लावून हळूच गाणं गुणगुणायला सुरुवात केली. चिमणी म्हणजे मंडळातला सगळ्यात उंच आवाज, आणि सगळ्यात लहान काळीज. तिच्या मागच्या रांगेने खालचा सूर धरला. मुकादमने समोरच्या फळीवर बाईंसारखा तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि सूर असा अलगद मिळाला की तिचं तिलाच हसू आलं. बाईंनी बांधलेलं ते पहाटेचं गाणं त्यांनी दबक्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. पलीकडच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हवाईसुंदरी पाण्याचा ट्रे हातात धरून उभीच राहिली.

"बघितलंस?" मुकादम आत्याला म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला!"

"छान झालं गं. अगदी घरच्यासारखं," आत्या म्हणाली आणि झोपली.

उतरल्यावर सगळं मुकादमच्या मनासारखं होत गेलं. रुंद रस्ते, पायऱ्या चढून जायची विटांची घरं, खिडक्यांत कुंड्या. त्यांची सोय सभागृहाच्या मागच्या वसतिगृहात होती. खोल्यांत दोन मजली पलंग, वरच्या पलंगासाठी नेहमीची मारामारी, आणि न्हाणीघरात गरम पाणी कुठल्या बाजूला फिरवलं की येतं यावरून आत्याच्या अंगावर आलेला थंड फवारा. तिची किंकाळी तीन दारांपलीकडे ऐकू गेली. मुकादमने खोल्या वाटल्या, ओले टॉवेल उचलायला लावले, एकाचा विसरलेला सदरा दुसऱ्याच्या पिशवीतून काढून दिला. दुपारी तालीम, संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम, त्यात आपलं गाणं पहिलं. सगळं कसं आखल्यासारखं.

तिकडच्या मंडळाचे संचालक दारातच भेटले. ते इतके उंच होते की पोरांनी त्यांचं नाव जागच्या जागी शिडी ठेवलं. शिडीसाहेब वाकून प्रत्येकाशी हात मिळवत होते, आत्याशीसुद्धा. ते सावकाश बोलले आणि मुकादम तोडक्यामोडक्या परभाषेत त्यांच्याशी बोलली.

"तुमच्या बाई नाहीत, फार वाईट वाटलं. तुम्हाला हवं असेल तर मी हात देतो. आज, किंवा आठवडाभर. पियानोही आहे."

"नको," मुकादम म्हणाली. "आम्ही आमचे गातो."

"छान," ते म्हणाले. त्यांना खरंच छान वाटलेलं दिसलं, आणि मुकादमची मान आणखी ताठ झाली.

सभागृह मऊ होतं. दुसरा शब्द नाही. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना कापड, दारं इतकी जड की बंद झाली तरी आवाज नाही. मंचावर एक टेबल होतं. मुकादमने तळहात ठेवला. डोळे मिटले. थांबली.

काहीच नाही.

हाताखाली गुळगुळीत लाकूड होतं, थंड आणि मुकाट. आजवर तो सूर हात ठेवला की कुठूनसा यायचा. आज ती वाट पाहत राहिली आणि पोरं तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. शेवटी तिने एक सूर अंदाजाने दिला. गाणं सुरू झालं, बरंही वाटलं, पण मधल्या चढणीवर चिमणीचा आवाज चिरकला आणि ती रडवेली होऊन थांबली. फार वर लागलं होतं. पुन्हा. आता इतकं खाली की मागची ओळ गाण्याऐवजी कण्हायला लागली. पुन्हा. या वेळी पहिल्या ओळीने एक धरलं, मागच्या ओळीने दुसरंच, आणि गाणं दोन बैल दोन दिशांना ओढतात तशा गाडीसारखं जागच्या जागी मोडलं.

खुर्च्यांतून शिडीसाहेब हलकेच म्हणाले, "कुठला सूर हवाय? मी पियानोवर देतो."

मुकादमने मागे वळून पाहिलं. सगळ्यांनी खांदे उडवले. सूर कुठला, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे सूर एकच होता, त्याला नाव कशाला लागतं? शिडीसाहेबांनी दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या. प्रत्येकीला निम्मी पोरं "हाच!" म्हणाली आणि निम्मी "छे!"

"थोडी विश्रांती घेऊ," मुकादम म्हणाली. मान ताठच होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

वसतिगृहाच्या मागच्या जिन्यात सगळे पायऱ्यांवर पसरले. आत्याने सुई-दोरा काढला आणि चिमणीच्या सदऱ्याचं बटण लावायला घेतलं, चिमणी सदऱ्यात असतानाच.

"देऊन टाक ना त्यांना," चिमणी नाक ओढत म्हणाली. "शिडीसाहेब करतील. चांगले आहेत ते. बाई रागावायच्या नाहीत."

"हलू नकोस, सुई टोचेल," आत्या म्हणाली.

"बाई रागावायच्या नाहीत, हेच तर," मुकादम म्हणाली. बाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. बाई म्हणाल्या असत्या, 'बरं केलंस हो,' आणि खिडकीबाहेर बघितलं असतं. आणि एकदा पहिल्या दिवशी गाणं दुसऱ्याच्या हाती गेलं की आठवडाभर ते तिथेच राहणार, हेही तिला दिसत होतं. परतल्यावर गल्ली विचारणार, "काय, गायलात परदेशात?" तर काय सांगायचं? की गायलो, पण त्यांचं?

तिने बाईंना फोन लावला. तिकडे अजून सकाळच होती.

"बाई, तुम्ही सूर कुठून घेता?"

"अं? कुठून म्हणजे? टेबलावर हात ठेवते, डोळे मिटते, तो असतोच तिथे."

"इथे नाहीये."

"नाहीये?" बाईंनी विचारलं. "मला कधी शोधावाच लागला नाही गं. मला वाटायचं, आतून येतो." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "शिकलेली असते तर नाव सांगितलं असतं."

"तुम्ही आराम करा, बाई. मिळेल," मुकादम म्हणाली आणि फोन ठेवला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण बाईंबद्दल असलं बोलायची तिची हिंमत नव्हती.

आत्या दोरा दाताने तोडत म्हणाली, "मला तर गं इथे कसंतरीच होतंय. कानात कापूस कोंबल्यासारखं. विमानात बरं होतं, निदान घरघर तरी होती. आपल्या खोलीत कशी तुमची ती खाली चालू असते, म्हणजे कसं, सोबत असल्यासारखं वाटतं."

मुकादम उठून उभी राहिली.

"काय झालं?" आत्या घाबरली. "टोचली का कुणाला?"

"थोरली," मुकादम म्हणाली. "आत्या, थोरली! बाई टेबलावर हात ठेवतात, तो थोरलीवर ठेवतात. टेबल थरथरतं. पेल्यातलं पाणी थरथरतं. सूर बाईंचा नाहीच, तिचा आहे!"

जिन्यात एकदम कालवा झाला. म्हणून विमानात लागला! म्हणून गोवराच्या वेळी चिमणीच्या घरी तालीम केली तेव्हा लागला नव्हता! "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चादरी सुकवायच्या सुरात गातोय?" कुणीतरी म्हणालं, आणि चिमणी रडता रडता हसली.

मुकादम तोवर लाँड्रीवाल्या काकांना फोन लावून मोकळी झाली होती.

"काका, मी बोलतेय. वरची."

"पोचलात का? वा! विमानात खायला दिलं का काही?"

"दिलं. काका, फोन जरा थोरलीजवळ धरा. चालू करा आणि धरा."

"अगं पोरी, ती कशी चालू होणार? ती उघडून ठेवलीय इथे, सगळी आतडी बाहेर. बेअरिंग बदलायचं कधीचं राहिलं होतं. म्हटलं, एरवी बाईंची तालीम असते, मशीन बंद ठेवलं की बाई म्हणतात आज पोरांचा सूर लागत नाही. आता तुम्ही नाहीत तर उरकून घेऊ."

मुकादमने डोळे मिटले. "धाकटी?"

"धाकटीचा आवाज कुठे तसा? ती किरकिरते. थांब, मी काढून दाखवतो." आणि काकांनी फोनमध्ये तोंड घालून थोरली काढली. काकांचा घसा म्हणजे भिजलेलं पोतं. ती घरघर ऐकून जिन्यातल्या पोरांची पोटं दुखायला लागली. मुकादमने आभार मानले, पाय कसा ठेवायचा ते बाईंना सांगा म्हणाली आणि फोन बंद केला.

सगळे हसत होते. एकटा नकल्या हसत नव्हता. तो खालच्या पायरीवर ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घालून, समोरच्या भिंतीकडे पाहत बसला होता. त्याच्या गालात काहीतरी इतकं साठलं होतं की गाल दुखत असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, नव्हे समुद्रापार वळसा! मुकादम दोन पायऱ्या उतरली.

"नकल्या."

"हां."

"थोरली काढ."

"शपथ आहे."

"मी सोडली."

"अशी नाही सुटत. घातलीस सगळ्यांसमोर, सोड पण सगळ्यांसमोर."

मुकादमला आयुष्यात बऱ्याच गोष्टी येत होत्या; पण 'चुकले' हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नव्हता. आत्या सुई हवेत धरून बघत राहिली.

"चुकले," मुकादम म्हणाली. "सगळ्यांसमोर. थोरली हवीय मला. काढ."

नकल्या एवढ्यासाठी थांबला होता, पण ऐकल्यावर त्यालाच लाजल्यासारखं झालं. "बरं बरं, एवढं काय," असं पुटपुटत तो उठला, आणि गाल फुगवायला लागला.

"ए, ढब्ब नको," मुकादम घाईने म्हणाली. "नुसता शेवटचा घुम्म दे."

त्याने नुसता घुम्म दिला. मुकादमने हात वर केला, गाणं सुरू झालं, आणि चढणीवर चिमणी पुन्हा चिरकली.

"बघ," नकल्या म्हणाला. "नुसता नाही येत. ढब्ब दिल्याशिवाय चढत नाही, चढल्याशिवाय बसत नाही. मी काय करू? थोरलीला विचार."

मग त्याने पहिल्यापासून काढली. खट्ट. ढब्ब, अंग एका बाजूला. परत ढब्ब. घरघर चढत गेली, कण्हत, खोकत, आणि जिथे बसायची तिथे येऊन बसली. जिना एकदम घरचा झाला. आत्याने तर नाकाने श्वास ओढला, साबणाचा वास येतोय का बघायला. गाणं सुरू झालं ते चढण चढलं, उतरलं आणि पायरीवर पाय टेकवावा तसं जागेवर थांबलं.

मग चिमणी म्हणाली, "पण हे मंचावर करायचं? ढब्बसकट? डोळे बाहेर काढून?"

सगळ्यांनी मुकादमकडे पाहिलं. माणसांसारखे दिसू या, असं तिनेच म्हटलं होतं.

"ढब्बसकट," मुकादम म्हणाली. "आणि ओले टॉवेल उचला, तोंडं धुवा. वेळ होतेय."

संध्याकाळी सभागृह भरलं. यजमान मंडळातली तरुण पोरंपोरी, त्यांचे आईबाप, मांडीवरची लहानगी. पडद्याआड शिडीसाहेब वाकून मुकादमच्या कानाशी आले. "अजूनही सांगा. मी पियानोपाशीच आहे."

"बसा तुम्ही," मुकादम म्हणाली. "समोर बसा. तिथून चांगलं ऐकू येईल."

ते पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी आत्या, गळ्यात पर्स, हातात फोन उंच धरलेला, आणि फोनमध्ये चौकटीएवढ्या बाई, प्लॅस्टरचा पाय उशीवर.

निळे सदरे ओळीत उभे राहिले. मुकादम टेबलापाशी गेलीच नाही. ती नकल्याला हाताला धरून पुढे घेऊन आली, स्वतः त्याच्या मागे उभी राहिली, आणि तळहात त्याच्या पाठीवर पालथा ठेवला. तिने डोळे मिटले.

खट्ट.

ढब्ब! नकल्याने सगळं अंग टाकलं. पहिल्या रांगेतलं एक पोरगं खिदळलं. परत ढब्ब, आणि आता अर्धं सभागृह हसत होतं. मुकादमच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण हात हलला नाही. हाताखाली नकल्याची पाठ थरथरायला लागली होती, अगदी टेबलासारखी. घरघर चढली. हसू विरत गेलं. घुम्म येऊन बसला, जाड आणि गोल, आणि न सांगता मागच्या ओळीने तो उचलला. गालिचा, कापडाच्या भिंती, जड दारं, सगळ्याला ऊब आल्यासारखं झालं. मुकादमने तेवढ्यावर घाई केली नाही. बाईंइतकीच थांबली. मग ओठ न उघडता पहिला सूर दिला आणि दुसरा हात वर केला.

चढण आली तेव्हा तिने चिमणीकडे पाहिलंही नाही. चिमणी चढली. वर जाऊन जरा रेंगाळलीसुद्धा, तालमीत कधी रेंगाळत नाही तेवढी, आणि मग सावकाश खाली आली.

गाणं संपलं. आणि टाळ्या पडायच्या आधी, कुणी सांगितलं नसताना, नकल्याने थोरली बंद केली: घरघर उतरली, चादरी शेवटचं एकदा लोळल्या, थप्प... थप... आणि खट्ट.

मुकादमने त्याच्या पाठीत एक चिमटा काढला. तो टाळ्यांत कुणाला दिसला नाही.

आत्या फोन कानाशी धरून ओरडून बोलत होती. "काय म्हणता बाई? ... अगं, बाई विचारताहेत, काकांनी बेअरिंग बसवलं का? म्हणतात, आवाज स्वच्छ येतोय, आणि त्यांचा हात आपसूक टेबलावर गेला!"

मुकादम फोनकडे बघून नुसती मान डोलावत राहिली, आणि चौकटीतल्या बाईही मान डोलावत राहिल्या.

मग शिडीसाहेब आले. ते मंचाखाली उभे होते तरी मुकादमच्या बरोबरीला येत होते. त्यांच्या मागे त्यांची पोरं गोळा झाली होती, त्यातला एकजण आत्तापासूनच गाल फुगवून ढब्ब करून बघत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

"ती सुरुवात," ते म्हणाले. "मी असं कधी ऐकलं नाही. फार जुनी पद्धत आहे का तुमची?"

मुकादमने नकल्याकडे पाहिलं. नकल्याने छताकडे पाहिलं.

"बरीच जुनी आहे," ती म्हणाली. "आता दुरुस्तीला काढलीय."

ते नीटसं त्यांना कळलं नाही, पण ते हसले. "आम्हाला शिकवाल? उद्या सकाळी, एकत्र तालमीत?"

आत्या खालून म्हणाली, "काय म्हणताहेत गं? त्यांना द्यायचं ठरलं का?"

"नाही, आत्या. घ्यायला आलेत," मुकादम म्हणाली. मग शिडीसाहेबांकडे वळून, मान ताठ करून, शक्य तितक्या स्वच्छ परभाषेत तिने सांगितलं, "शिकवू. नकल्या शिकवेल. पण वेळेवर या. आणि पिशव्यांच्या चेन लावून या."